कोटातलं माकड

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. साडीवर स्वेटर, पायात स्नीकर्स, आणि इंग्रजी वाक्याच्या शेवटीही ‘बरं का’. खरं सांगायचं तर त्यांच्या उच्चारांची मला लाज वाटायची. ऑफिसात मी अमेरिकन उच्चार घोटून बोलायचो.

एकदा तिथल्या म्युझियममध्ये गाइड म्हणून त्यांची चाचणी होती. त्यांनी बोलावलं, म्हणून गेलो. पण ऑफिसच्या कोटात, अनोळखी माणसासारखा मागे राहिलो. समोर अठराव्या शतकातल्या पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या मूर्ती होत्या.

“बाईच्या पायाशी कुत्रा म्हणजे निष्ठा, बरं का,” काकू इंग्रजीत म्हणाल्या. ऐकायला जमलेल्यांपैकी एका सुटाबुटातल्या गृहस्थाने त्यांची हुबेहूब नक्कल केली. लोक हसले.

काकू शांतपणे पुढच्या मूर्तीकडे वळल्या. दरबारी कोट घातलेलं माकड व्हायोलिन वाजवत होतं. “हे म्हणजे नक्कल करणारा माणूस. पण याला निदान व्हायोलिन येतं, बरं का.”

सगळा हॉल हसला. चाचणी घेणाऱ्या बाईंनीच आधी टाळ्या वाजवल्या.

मी माझ्या कोटाकडे पाहिलं. मग पुढे होऊन सगळ्यांसमोर मराठीत म्हणालो, “काकू, जिंकलात.”

“मागे का लपला होतास रे?” त्या म्हणाल्या. “ये, इथे उभा राहा.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.