बॅटरी अडीच तासांत का उतरते

मी मुळात तापट माणूस. सेल विकायचा धंदा तापट माणसानं करूच नये, कारण जगात कुठलीही वस्तू बंद पडली की पहिला आळ सेलवर येतो. वायर तुटलेली असो, आत पाणी गेलेलं असो, बटणच दाबलेलं नसो, लोक सरळ म्हणतात, सेल खराब. वीस वर्षं मी खांद्याला बॅग अडकवून दुरुस्तीच्या दुकानांना बॅटऱ्या पुरवतो आहे, आणि या वीस वर्षांत माझ्या मालाला कधी नावं न ठेवणारे एकच दुकानदार मला भेटले. ते म्हणजे मास्तर. म्हणून त्यांनी जेव्हा नावं ठेवली, तेव्हा मी डोक्यात राख घालून घेतली.

मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. ते छोटे वायरलेस स्पीकर दुरुस्त करायचे. हे नाव पडलं ते गिऱ्हाइकांची शिकवणी घ्यायचे म्हणून. माणूस स्पीकर घ्यायला आला की तो हातात देण्याआधी पाच मिनिटं धडा. बॅटरी पार शून्यावर नेऊ नका. गाडीत उन्हात ठेवू नका. रात्रभर चार्जरला लावून झोपू नका. नुसतं गाणं थांबवलं म्हणजे स्पीकर बंद झाला असं समजू नका, फोन जोडलेला असला तर तो आत जागाच असतो आणि बॅटरी खात बसतो. लोक हो हो म्हणायचे आणि घरी जाऊन नेमकं तेच करायचे. चार महिन्यांनी परत यायचे तेव्हा मास्तर तोच धडा पहिल्यापासून घ्यायचे, आवाज न चढवता.

दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर घड्याळ. मागं पडदा, पडद्याआड त्यांच्या राहत्या दोन खोल्या. नवीन बॅटरी डाख देऊन तारांना चिकटवली, स्पीकर जोडला, की मास्तर त्याची परीक्षा घ्यायचे. तिचं नाव 'पूर्ण ते शून्य'. बॅटरी पूर्ण भरायची, दुकानातल्या जुन्या फोनवरून गाणी लावायची आणि स्पीकर आपोआप मान टाकेपर्यंत चालू द्यायचा. किती तास चालला ते पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहून ती स्पीकरच्या बुडाला चिकटवायची. चिठ्ठीशिवाय एकही स्पीकर दुकानाबाहेर गेला नाही. आवाज किती ठेवायचा हे ते कानानं ठरवायचे. खोलीत दोन माणसं गप्पा मारताहेत आणि तरी गाणं ऐकू येतंय, एवढा. फोनवरच्या पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. एका स्पीकरची अर्धी पट्टी म्हणजे दुसऱ्याची पाव असते, ते म्हणायचे, आणि त्यात ते अगदी बरोबर होते.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, फार हळू बोलायच्या. मास्तर चेष्टेनं म्हणायचे की हिला कंपनीतूनच आवाजाचं बटण एकावर ठेवून पाठवलंय. माझं उलट. मी कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या शिंप्याला मशीन न थांबवता कळतं. मी गेलो की वहिनी पडद्याआडून चहा द्यायच्या आणि हसायच्या, की आता तासभर दुकानात गाणी लावायची गरज नाही.

मग वहिनींची छाती बिघडली. आठ महिने त्या आतल्या खोलीत पडून होत्या. मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिनं जीव तोडून सांगितलं की आईला माझ्याकडे आणा, इथं मोठं इस्पितळ आहे. मास्तर नाही म्हणाले. इथला डॉक्टर तिला ओळखतो, तिची खाट, तिची खिडकी, प्रवासाची दगदग कशाला. वहिनींना काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. पण मास्तरांनी सेवा मात्र अशी केली की सख्ख्या आईची कुणी करणार नाही. औषधं, अंघोळ, वेणी, चादरी, सगळं स्वतः. दर पाऊण तासानं दुकानातलं काम टाकून आत एक फेरी.

त्या दिवसांतली एक दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. मी वहिनींना बघायला आत गेलो होतो. मास्तर आमच्याकडे पाठ करून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. वहिनींचा आवाज तेव्हा अगदी उरलासुरला होता. त्यांनी दम घेतला आणि विचारलं, "अहो, जेवलात का?" मास्तरांनी घडी घातली, दुसरी चादर उचलली. उत्तर नाही. वहिनी माझ्याकडे बघून ओशाळवाण्या हसल्या. मास्तर बाहेर गिऱ्हाइकाकडे गेल्यावर मला म्हणाल्या, "कंटाळलेत हो माझ्या आजारपणाला. करतात सगळं, पण बोलत नाहीत." आणखी एकदा, शेवटच्या आठवड्यात, हेच म्हणाल्या. मी म्हटलं, थकलेत, वहिनी, मनावर घेऊ नका. नवरा-बायकोच्या मधे तिसऱ्यानं पडू नये असं मला वाटलं. एरवी मी जगाच्या भांडणात नाक खुपसतो, नेमका तिथं शहाणपणा केला. पण मनातून मास्तर उतरले. एवढा सोन्यासारखा माणूस आणि आजारी बायकोला एका शब्दाला महाग, याचा मला राग आला.

वहिनी गेल्या. पंधरा दिवसांनी मी दुकानात गेलो तेव्हा मास्तर नुसते बसून होते. मी काही विचारलं नाही, तेच म्हणाले, "आठ महिने ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही रे. मुलीकडे जाऊ दिलं नाही ना, त्याचा राग. तो राग घेऊनच गेली. निदान शिव्या तरी द्यायच्या होत्या." आणि ओंजळीत तोंड धरून ते रडले.

मला दया यायला हवी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या समोर ती बाई जेवलात का विचारत होती, हे महाशय चादरीच्या घड्या घालत होते, आणि आता तीच बोलत नव्हती म्हणून सांगतात? मेलेल्या माणसावर ढकलून मोकळे? ओठांवर आलेलं मी गिळलं, बॅग उचलली आणि निघून आलो. तेव्हाच बोललो असतो तर बरं झालं असतं, की आणखी वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

तीन महिन्यांनी सेलचं प्रकरण निघालं. मास्तरांनी माझ्या सेलचा अख्खा खोका परत पाठवला. सोबत चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पेन्सिलीच्या त्याच नीटनेटक्या अक्षरात. अडीच तास. दोन तास चाळीस मिनिटं. अडीच तास. जे स्पीकर दहा तास चालायला हवेत, ते माझे सेल घातल्यावर अडीच तासांत उतरत होते. मला वाटलं, चुकून एखादा खोका खराब आला असेल. दुसरा पाठवला. तोही परत. मग कळलं की बाजारातल्या दुसऱ्या दुकानदारांनाही मास्तरांनी सांगितलंय, की त्याचा माल हल्ली फुसका असतो, बघून घ्या. बाकी कुणाचीही तक्रार नव्हती, पण मास्तरांचा शब्द म्हटल्यावर लोक बिचकायला लागले. मी मास्तरांना फोन केला तर ते मधेच म्हणाले की हल्ली फोनवर कुणाचंच धड कळत नाही, आणि ठेवून दिला. मला तो अपमान वाटला.

मग मी इरेला पेटलो. परत आलेल्या खोक्यातलेच सेल घेतले, मास्तर दुरुस्त करतात तसलाच स्पीकर मिळवला आणि घरी टेबलावर पूर्ण ते शून्य लावलं. आवाज मास्तरांच्याच नियमानं, बायकोशी बोलत बोलत गाणं ऐकू येईल एवढा. दहा तास वीस मिनिटं चालला. बायको म्हणाली, चला, तुमचा माल चांगला आहे, आता वाद सोडून द्या. पण मी सोडणाऱ्यातला नव्हे. सेल पुन्हा भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्पीकर बॅगेत घालून निघालो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो.

गल्लीच्या तोंडाशीच गाणं ऐकू आलं. लग्नाच्या मांडवात लावतात तसं, पत्रे हलवणारं. शिंपी कानात कापूस घालून शिवत होता. मी हातानं विचारलं, हे काय? त्यानं कापूस काढला आणि म्हणाला, बाई गेल्यापासून मास्तरांचं हे असंच चालतं, दुःख बुडवतात बिचारे, आम्ही कुणी काही बोलत नाही. अख्खी गल्ली गेले चार महिने त्यांचं दुःख म्हणून हे सोसत होती.

मी आत गेलो. दोन गिऱ्हाइकं उंबऱ्यापाशी लांबच उभी होती. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. मास्तर स्पीकरला कान लावून, डोळे मिटून ऐकत होते. मला बघून ते जरा कडक झाले, पण बस म्हणाले. मग घड्याळाकडे बोट केलं. "हा बघ, तुझाच सेल. आवाज किती बेताचा ठेवलाय तूच बघ, आणि तरी हा अडीच तासाच्या पुढे जाणार नाही."

बेताचा! रस्ताभर जुळवलेली माझी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी त्यांच्या हातातला स्पीकर बंद केला, बॅगेतला माझा काढून टेबलावर ठेवला आणि चालू केला. छान, स्वच्छ गाणं वाजायला लागलं. मी म्हटलं, ऐका, हा काल दहा तास वीस मिनिटं चालला.

मास्तर स्पीकरकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. "लाव ना मग," ते म्हणाले.

"लावलाय."

"कुठं लावलाय? लाव."

त्यांनी तो उचलून कानाजवळ नेला, हलवला, मागचं बटण बघितलं. मग जाळीवर बोट ठेवलं. बोटाला ती थरथर कळली असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम बदलला. आणि मला, देवा शपथ सांगतो, त्या क्षणी आनंद झाला. मी जिंकलो होतो. गिऱ्हाइकांच्या समोर, शेजारच्या शिंप्यालाही ऐकू जाईल असं मी ओरडलो, "कान गेलेत तुमचे, मास्तर! माझ्या सेलवर कसला आळ घेता? ठणाणा लावल्यावर कुठलीही बॅटरी अडीच तासांतच उतरणार!"

गिऱ्हाइकं हळूच निघून गेली. बिघाड शोधताना बसायचे तसे मास्तर खुर्चीत पुढं सरकून बसले आणि माझ्या स्पीकरचं आवाज वाढवायचं बटण एकेकदा दाबायला लागले. प्रत्येक वेळी थांबून कान द्यायचे. मी मोजत होतो. नवव्या वेळी ते म्हणाले, "हां, आता आलं." तोवर तो स्पीकर टेबलावरून सरकायला लागला होता. त्यांनी तो बंद केला. माझा सगळा माज उतरला. साठी उलटलेला, कानावर पोट असलेला माणूस, आणि ही गोष्ट मी त्याला बाजार भरवून सांगितली होती.

मी म्हटलं, मास्तर, डॉक्टरकडे जाऊ, कानाला लावायचं यंत्र मिळतं, मी येतो सोबत. सेलचं विसरून जा. ते ऐकत नव्हते. म्हणजे ऐकू येत असेल, माझा आवाज त्यांना येतच असे, पण ते पडद्याकडे बघत होते. एक वायर धरून माणूस मागं मागं जातो, कुठं तुटलंय बघत, तसे ते मनात मागं जाताना मला दिसत होते. तीन महिने, सहा महिने, वर्ष.

"तू आत यायचास तिला बघायला," ते शेवटी म्हणाले. "ती बोलायची?"

मी होकारार्थी मान हलवली.

"माझ्याशी?"

"हो."

"काय बोलायची?"

मी सांगितलं. त्यांना कळलं नाही. माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बसला होता. ते पुढं वाकले. मग मी घसा साफ केला आणि त्या बाईनं अर्ध्या श्वासात विचारलेली गोष्ट मी ओरडून सांगितली, "जेवलात का, म्हणून विचारायच्या!" शेजारी शिंप्याचं मशीन थांबलं.

"म्हणजे रागावली नव्हती," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, चला, एवढं तरी चांगलं झालं. पण ते मास्तर होते. बिघाड अर्धा सापडला म्हणून काम सोडायची त्यांना सवय नव्हती. मला पुढचा प्रश्न आधीच कळला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मग मी उत्तर देत नव्हतो," ते म्हणाले. "आठ महिने. तिला काय वाटलं असेल रे?"

वीस वर्षांत मी त्यांना एकही खराब सेल विकला नव्हता, एकदाही खोटं बोललो नव्हतो. त्यांनी मला हे विचारलं, कारण मी तापट आहे, तोंडावर खरं बोलतो, हे त्यांना माहीत होतं.

"त्यांना ठाऊक होतं," मी म्हणालो. "तुम्हाला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला तसं म्हणाल्या होत्या. त्यांना काही वाईट वाटलं नाही."

मास्तर माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी खुर्ची ओढली, उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"परत सांग," ते म्हणाले. "नीट आलं नाही."

मी परत सांगितलं, आणखी मोठ्यानं.