शेगडी पेटवणारा

गॅस एजन्सीचा तो मेकॅनिक घाटीच्या पायऱ्या चढून आला, की आधी आमच्या पडवीत टेकायचा. दम खाऊन म्हणायचा, "आता काय झाला?"

आमच्या आळीत गॅस नुकताच आला होता. भरलेला सिलिंडर घरात आला की बायका त्याला हळदकुंकू लावायच्या, तेही नेमकं तोंडावर. कुंकू आत जायचं, गळ्यावरही सांडायचं, रेग्युलेटर नीट बसायचा नाही आणि वास सुटायचा. मग याला बोलावणं.

"वहिनी, देव हाय काय हा? लोखंड हाय," तो माझ्या बायकोला थकल्या आवाजात सांगायचा. सिलिंडरचं तोंड पुसायचा, वायसर बदलायचा, नाहीच जमलं तर पिशवीतून दुसरा रेग्युलेटर काढायचा. साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचा. मग आम्हा सगळ्यांना अंगणात पिटाळायचा. शेगडी तो एकटाच पेटवणार.

एकदा मी म्हटलं, "मी थांबतो की सोबत."

"दोघांनी कशाला?" एवढंच म्हणाला.

त्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. काडी हातात धरून तो बराच वेळ नुसता उभा होता. मग वाकला, सिलिंडरच्या गळ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि काडी ओढली.

बाहेर येऊन नेहमीसारखाच वैतागला, "वहिनी, परत कुंकू लावू नका हां."

त्याच्या कपाळावर लाल बोट उमटलं होतं. बायकोने ते पाहिलं आणि मान डोलावली.