घडीकाकांची दुसरी जोडी

घडीकाका माणसाकडे बघायला पायापासून सुरुवात करायचे. चेहऱ्याची पाळी फार उशिरा यायची, आणि कधी कधी यायचीच नाही. मी त्यांना पहिल्यांदा भेटले ते बदलापूरच्या पेट्रोल पंपावर. नवी कोरी मोटारसायकल, तिच्याहून नवे घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि मनात असा भाव की आता लडाख काय ते माझ्याचसाठी ठेवलंय. शेजारच्या गाडीवरून एक किडकिडीत, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ उतरले आणि माझ्या बुटांकडे बघत उभे राहिले. मी काहीतरी लागट बोलणार एवढ्यात तेच म्हणाले, "पडायला चांगले बूट घेतलेस पोरी. उतरायला काय घेतलंयस?"

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी आपल्या गाडीच्या पिशवीतून चपातीच्या गुंडाळीसारखं काहीतरी काढलं, झटकलं, आणि त्याचे बघता बघता दोन बूट झाले. भर पंपावर, मागे रिक्षांची रांग हॉर्न वाजवत असताना, त्यांनी ते पायात घालून मला चार पावलं चालून दाखवलं.

घडीकाका हे नाव आमच्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपने ठेवलेलं. त्यांच्याकडे प्रत्येक वस्तू घडी होणारी असायची. रेनकोट, पेला, चूल, चटई, सगळं. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते आणि बदलापुरातच, नदीजवळच्या मांजर्लीत तळमजल्यावर राहायचे. मांजर्लीत तळमजल्यावर राहणाऱ्याला पुराची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. एका पुरात ते कारखान्याचे जाडजूड बूट घालून घराबाहेर पडले आणि पाणी ओसरेपर्यंत हेंद्रेपाड्याला मेहुण्याकडे त्याच ओल्या बुटांत राहिले. पायांचं पार लोणचं झालं. तेव्हापासून म्हणे त्यांनी कानाला खडा लावला, की घराबाहेर पडायचं तर दुसरी जोडी हवी, आणि ती बगलेत मावली पाहिजे.

त्यांचं म्हणणं असं, की गाडीवर आपण फक्त रस्ता बघतो, गाव बघायचं तर उतरावं लागतं. मोठ्या बुटांची माणसं उतरतच नाहीत. गाडीला टेकून चहा पितात, फोटो काढतात आणि निघतात. कुणी आग्रहाने घरात बोलावलं तर अंगणातूनच "नको, बूट काढायला लागतील" म्हणून पाणी पितात. याचा काकांना मनापासून राग होता. "बूट काढायचा कंटाळा असेल तर घरी बसून व्हिडिओ बघावेत, पेट्रोल तरी वाचेल," असं ते आमच्यातल्या एकाला तोंडावर म्हणाले होते. तो दोन महिने ग्रुपवर गप्प होता.

आता एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस स्वतःच्या पायांपायी वेडा झालाय. तसं नव्हतं. त्यांच्या पायाला काहीही चालायचं. प्रश्न होता काकूंचा.

काकू वांगणीकडच्या. लहानपणी बैलगाडीचं चाक डाव्या पावलावरून गेलं, आणि हाड बसलं ते वाकडंच. डावं पाऊल आखूड आणि रुंद राहिलं, उजवं मात्र नीट वाढलं. डाव्याला चार नंबर लागायचा, उजव्याला सहा. अशा पायांनी त्यांनी शाळेत उभं राहून इतिहास शिकवला. फळ्यावर त्या वेरूळचं कैलास लेणं खडूने असं काढायच्या की त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. पण वेरूळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सहल निघाली की बाई मागे राहायच्या, न गेलेल्या मुलांचा वर्ग घ्यायला. निवृत्तीनंतर काका म्हणाले, चला, मी नेतो गाडीवरून. काकू म्हणाल्या, पायाला मानवेल असं काही मिळालं तर येते.

दुसऱ्या कुणी हा नकार समजून विषय सोडला असता. काकांनी ते काम समजून अंगावर घेतलं. गाडीवर बसायचे चामड्याचे बूट त्यांनी अंबरनाथच्या एका चांभाराकडून दोन्ही पायांच्या मापाने बनवून घेतले. ते छान झाले, पण इतके ताठ की त्यात बसता येई, चालता येत नसे. म्हणजे अर्धा प्रश्न सुटला. उरली ती उतरल्यावरची जोडी. बाई वेरूळला जाणार की नाही, हे आता त्या जोडीवर होतं. काका त्यांना "बाई"च म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही त्या जोडीच्या शोधाचे साक्षीदार. फोमचे बूट आले. ते हलके होते, पण घडी होईना. "हे बूट नाहीत, डबे आहेत," म्हणून बाद. अंगठ्याची चप्पल डाव्या पायात टिकेना. एका कापडी जोडीने पहिल्याच धुण्यात रंग सोडला आणि काकूंचे पाय आठवडाभर जांभळे. एक जोडी इतकी पातळ निघाली की काकू म्हणाल्या, खडा टोचतो तो ठीक आहे, पण त्याचा आकारही कळतो. या चाचणीसाठी काकांनी घरातल्या परातीत बांधकामावरची खडी भरली होती. आलेल्या प्रत्येकाला त्यात उभं करायचे. मीसुद्धा चहाचा कप हातात घेऊन त्या परातीत उभी राहिलेय. "त्या परातीत मी पीठ मळते," एवढंच काकू म्हणायच्या, आणि ते सुद्धा आमच्याकडे बघून. काकांना सांगून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी योग्य जोडी सापडली ती उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. समुद्रावर घालतात तसले पातळ कापडाचे, रबरी तळाचे बूट. मी बरोबर होते. काकांनी बूट दुमडला, पिळला, हुंगला, आणि मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून दुकानातच त्यावर पाणी ओतलं. किती लवकर वाळतो ते बघायला. दुकानदार सिंधी, वयाने काकांएवढाच. इतका वेळ तो शांत होता. "साईं, जूता लेना है या अचार डालना है?" त्याने विचारलं. काकांनी त्याच्याकडे लक्ष न देता फर्माईश सांगितली: डावा चार नंबरचा, उजवा सहाचा.

दुकानदाराने हात जोडले. "और जो बचेगा वो मैं पहनूँ?"

बोलणी बरीच लांबली. सुटे बूट काही मिळाले नाहीत. दोन जोड्या घ्याव्या लागल्या. काकांना त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. जवळच जीन्स शिवायचं एक छोटं वर्कशॉप होतं, तिथल्या कारागिराकडून त्यांनी उरलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. एक कामाच्या बुटांना, एक उरलेल्यांना. "वस्तूला घर पाहिजे, मग ती हरवत नाही," असं त्यांनी रिक्षात बसल्यावर मला समजावलं. दोन्ही घरं अगदी सारखी शिवलेली होती, हे तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं ना माझ्या.

थंडीत आम्ही निघालो. पुढे काका, मागे काकू, आणि तीन गाड्यांवर आम्ही. बारवी धरणाच्या बाजूने मुरबाड, माळशेज, नगर. काकू पहिल्या घाटात काकांच्या जॅकेटला दोन्ही हातांनी धरून होत्या, आणि नगर येईपर्यंत एका हाताने आम्हाला डावीकडचं-उजवीकडचं काही ना काही दाखवत होत्या. रात्री वेरूळ गावातच मुक्काम केला. सकाळी लेणी उघडायच्या वेळेला आम्ही दारात हजर. काकूंनी चामडी बूट काढले आणि एका कठड्यावर बसल्या. काकांनी ऐटीत पिशवी सोडली.

आतून निघाला उजवा चार नंबरचा आणि डावा सहाचा.

मी काकांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. निघण्याआधी तीनदा सामान तपासायला आम्हाला लावणारा माणूस. त्यांनी पिशवी उलटी केली, झटकली, आत हात घातला, पुन्हा झटकली. मग खाली बसले आणि तो चार नंबरचा उजवा बूट काकूंच्या उजव्या पायात ढकलायला लागले. तो जाणार कसा? सहाच्या डाव्यात त्यांचं आखूड पाऊल होडीत ठेवल्यासारखं दिसत होतं. आमच्यातलं कुणी हसलं नाही. काका म्हणाले, "बाई, मी परत जातो. उद्यापर्यंत घेऊन येतो." आणि ते खरंच किल्ली शोधायला लागले. वेरूळहून मांजर्ली आणि परत.

काकूंनी त्यांच्या हातातला बूट काढून घेतला आणि कठड्यावर ठेवला. मग उठल्या. अनवाणी, साडीचा काठ जरासा वर धरून, त्या आवारात दोन पावलं चालल्या. दगड गार होता. त्या थांबल्या, पायांकडे बघितलं, आणि हसायलाच लागल्या.

"अहो, इतकी वर्षं मी बुटांची वाट बघत बसले," त्या म्हणाल्या. "पाय होतेच की."

त्यानंतरचे दोन-तीन तास मी विसरणार नाही. काकू त्यांच्या वेड्यावाकड्या चालीने पुढे, आम्ही सगळे मागे. कैलासासमोर उभं राहून त्यांनी आमचा तास घेतला. हे वरून खाली खोदलंय, पायापासून रचलेलं नाही, चूक झाली तर दुरुस्त करायची सोय नव्हती. दगडी हत्तींना हात लावून बघितला. काका तेवढा वेळ ते चुकीचे बूट दोन हातांत धरून त्यांच्या मागून चालत होते. मध्येच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तरी पण पोरी, तो तळ चांगला होता हां." हार मानायची नाही म्हणजे नाही.

त्या सहलीनंतर काकूंनी मागची सीट सोडलीच नाही. आम्ही काकांची यथेच्छ चेष्टा करायचो. कुठेही निघताना कुणीतरी विचारायचंच, काका, पिशवी कुठली घेतलीत? ते रागवायचे नाहीत. ते त्यांचं पुढचं संशोधन सुरू करून बसले होते, या वेळी माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी. त्यांच्या नादाने मीसुद्धा बदलले. आता कुठे थांबले की बूट काढते, बोलावलं तर घरात जाते, पाटावर बसते, लोकांच्या जात्याची आणि जावयाची चौकशी करते. आधीच्या माझ्या सगळ्या सहली म्हणजे नुसते पेट्रोलचे खर्च होते.

गेल्या पावसाळ्याआधी काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आम्ही सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की काकूंची भटकंती आता संपली. कुणी तसं त्यांना बोललं नाही, पण त्यांच्यासमोर गाड्यांचा विषयही काढेनासे झालो. दिवाळी झाल्यावर मी भेटायला गेले, इकडचं तिकडचं बोलले. निघताना त्यांनी विचारलं, "जुन्नरच्या लेण्यांना कधी जाताय? ते म्हणाले होते, थंडीत जाऊ." मी म्हटलं, काकू, तुम्ही येणार? त्या म्हणाल्या, तुझ्या मागची सीट रिकामी असते ना.

माळशेजच्या वर एका टपरीवर आम्ही पहिला थांबा घेतला. चहा सांगितला. काकू बाकावर बसल्या आणि बोलता बोलता त्यांनी डावा पाय सहज पुढे केला. क्षणभर मला कळलंच नाही. मग आठवलं, प्रत्येक थांब्यावर काका असेच त्यांच्यासमोर उकिडवे बसायचे आणि तो डावा बूट हळूहळू सोडवून काढायचे. आम्ही त्या वेळी मोबाईल बघत असायचो. काकूंच्याही लक्षात आलं. पाय तसाच हवेत राहिला. मी लगबगीने खाली बसले आणि बुटाला हात घातला.

"थांब," त्या म्हणाल्या. "मला जमतंय का बघू दे."

त्या वाकल्या. बक्कल सोडलं, चामडं सैल केलं, टाच धरून ओढली. ते वाकडं पाऊल काही केल्या सुटेना. त्यांनी दम घेतला, पुन्हा ओढलं. आमच्यापैकी कुणी पुढे झालं नाही, कुणी चहालाही हात लावला नाही. शेवटी बूट सुटला. त्यांनी तो मांडीवर घेतला.

"त्यांना कधीच एवढा वेळ लागला नाही," त्या म्हणाल्या, आणि तिथे त्या बाकावर, काका गेल्यापासून आमच्यासमोर पहिल्यांदाच, रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी दुसऱ्या बुटाला हात घातला. आम्ही चहा पुन्हा सांगितला.