रेडिओताईंचं जादा वाक्य

अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या ग्रंथालयाचा नियम एकच होता. पुस्तकात आहे तेवढंच वाचायचं, आपलं मत पोटात ठेवायचं. तिथे वाचणाऱ्या बाईंना सगळे रेडिओताई म्हणत. त्यांनी अकरा वर्षं हा नियम पाळला. भिंतींना रजया ठोकलेल्या कोंदट खोलीत बसून त्यांनी रटाळ आत्मचरित्रंसुद्धा जांभई न देता वाचली. बसून वाचण्याचा पगार मिळतो, यावर सासूबाईंचा मात्र अजून विश्वास नव्हता.

मग ती कादंबरी आली. तीन पिढ्यांनी डोक्यावर घेतलेली, शाळाशाळांतून शिकवली जाणारी. तिचा नायक पहिल्या प्रकरणापासूनच ताईंच्या डोक्यात गेला. बायको तापानं फणफणलेली, पाणी मागतेय, आणि हा पठ्ठ्या खिडकीशी उभा राहून चार पानं स्वतःच्या एकटेपणाचं दळण दळतोय. तिसऱ्या पानावर ताईंच्या तोंडून निघून गेलं, "मेल्या, तिला पाणी तरी दे." जीभ चावून त्या पुढे वाचत राहिल्या. ते वाक्य नंतर कापायचं होतं. राहून गेलं.

महिन्याभरानं ग्रंथपालबाईंनी सांगितलं, की त्या कादंबरीबद्दल एका निवृत्त हेडमास्तरांचा फोन होता, सोमवारी ते स्वतः येणार आहेत. ताईंनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. वाक्य होतं, चांगलं ठणठणीत. ताईंच्या आधी इथे वाचणाऱ्या माणसाला एकदा वाचताना हसू आवरलं नाही म्हणून घरी बसवलं होतं. इथे तर थेट नायकालाच शिवी. तीन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. नायकावरचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही, आणि त्याचीही भीती वाटायची. माफी मागताना तेच पुन्हा तोंडून निघालं तर?

सोमवारी हेडमास्तर काठीनं वाट चाचपत आले. ग्रंथपालबाई नियमांची वही उघडून बसल्या. ताईंनी चूक कबूल केली, वाक्य आजच कापते म्हणाल्या.

मग हेडमास्तरांनी सांगितलं, की दृष्टी जाण्याआधी ही कादंबरी त्यांनी तीस वर्षं शिकवली, ती चार पानं मुलांकडून पाठ करून घेतली. बायको आजारी होती तेव्हाही ते बाहेरच्या खोलीत तीच पानं वाचत होते. आतून हाक आली होती. एवढं पान संपवून उठू, असं त्यांनी ठरवलं.

"पान संपलं तोवर हाकही थांबली होती," ते म्हणाले. "ते वाक्य कापू नका, ताई. तेव्हा मला कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं."

ग्रंथपालबाईंनी काही न लिहिता वही मिटली.

त्या दिवशी घरी सासूबाईंनी आतल्या खोलीतून हाक मारली. ताई हातातलं टाकून धावल्या, इतक्या की दारात ठेचकाळल्या. सासूबाईंना फक्त चष्मा हवा होता.