लाल पट्टी आणि हरवलेली मुलगी

नोकरीतल्या कितीतरी गोष्टी आता पुसट झाल्या. वॉटर पार्कमधली ती दुपार मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी तेव्हा इंदापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिन्यातला रविवार होता. महामार्गालगतच्या वॉटर पार्कमधून फोन आला की आठ वर्षांची मुलगी सापडत नाही. अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की आम्ही नुसती नोंद करून थांबत नाही, अपहरणाचा गुन्हा धरून तपास सुरू करतो. ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरी लिहायला सांगितली, नाकाबंदीचा संदेश वायरलेसवर दिला आणि एक महिला हवालदार व दोन शिपाई घेऊन निघालो.

मुलगी बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरची. बाप शेतकरी. मुलीचा मामा एमआयडीसीत नोकरीला. त्यानेच आपल्या कारमधून सगळ्यांना आणलं होतं: बाप, मुलगी, आणि मामाचा तिच्यापेक्षा थोडा मोठा मुलगा. मुलीची आई तान्ह्या बाळाला घेऊन घरी राहिली होती.

मॅनेजरच्या खोलीत मामाच बोलत होता. "सायेब, लाईन लई मोठी हुती. पोरं उन्हात तळमळायला लागली. म्हणून दोघांना लाल पट्टी घेतली."

जादा पैसे भरले की ही पट्टी मनगटाला बांधून मिळे. ती असलेल्याला रांगेत थांबावं लागत नसे; वेगळ्या दारातून सरळ घसरगुंडीवर. मोठ्यांना कशाला, म्हणून पट्ट्या दोनच घेतल्या. पोरं वेगळ्या दाराने गेली, बाप आणि मामा साध्या रांगेत राहिले. थोड्या वेळाने मामाचा मुलगा खाली आला. मुलगी आलीच नाही.

मी आधी पाण्याकडे धावलो. घसरगुंडी बंद करायला लावली. जीवरक्षक ओळीने पाण्यात उतरून तळ चाचपू लागले. काठावर शेकडो माणसं उभी होती. जीवरक्षक पाण्याखाली गेला की माझा श्वास अडकायचा. रिकाम्या हाताने वर आला की सुटायचा.

पाण्यात काही मिळालं नाही. पण त्याने धीर येण्याऐवजी भीती वाढली. पाण्यात नाही, तर कुठे? महामार्ग हाकेच्या अंतरावर होता.

मुलीचा बाप कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. त्याचा फोन वाजायचा, तो पाहायचा आणि उलटा करून मांडीवर ठेवायचा.

"उचला की," मी म्हणालो.

"तिच्या आईचा हाय सायेब. काय सांगू तिला?"

मी पुन्हा आग्रह केला नाही.

तेवढ्यात आमच्या महिला हवालदार एका बाईला आत घेऊन आल्या. बाई शेळगावची, आपल्या मुलीला घेऊन आलेली. तिच्या मुलीच्या मनगटावर लाल पट्टी होती. तुटलेली, गाठ मारलेली.

"सायेब, आमी न्हाय घेतली ही," बाई घाबरून सांगू लागली. "तुमी पोरगी हुडकताय म्हणून कळलं, तशी आले. आमी साध्या लाईनीत हुतो. कठड्याच्या पलीकडनं एक पोरगी आली. म्हणली, माझे बाबा मागं राहिलेत, मला बाबांशिवाय न्हाय जायचं. पट्टी ओढून काढली आन् माझ्या पोरीला दिली."

"मग कुठे गेली?"

"मागं गेली, लाईनीकडं. बापाला हुडकत."

म्हणजे मुलगी घसरगुंडीवर चढलीच नव्हती. बापाकडे परत आली, तर मग बापाला कशी दिसली नाही? विचारलं तेव्हा बाप म्हणाला, "पोरगा एकटा खाली आलेला दिसला, तसा मी लाईन सोडून तिकडं पळालो." दोघं एकमेकांना शोधत चुकली होती.

"आणि तुम्ही?" मी मामाला विचारलं.

"मी लाईनीतच हुतो की."

मी मुख्य दाराचं सीसीटीव्ही चित्रीकरण मागवलं. बाहेर पडणाऱ्या गर्दीत मुलगी कुठे दिसेना. पण मामा दिसला. पोरं वेगळ्या दाराने गेल्यानंतर तो एकटाच बाहेर पडला होता.

पोलिसाच्या डोक्यात अशा वेळी काय काय येतं, ते सांगायला नको. बापाला बाहेर बसवलं आणि मामाला समोर घेतलं. शिवी नाही, हात उगारणं नाही. एवढंच म्हणालो, "तुम्ही रांगेत नव्हता. कुठे गेला होता?"

तो मग म्हणाला, पाणी आणायला. पाणी तर आत मिळत होतं.

"तुमची भाची सापडत नाही आणि तुम्ही पोलिसांशी खोटं बोलताय. आता काय समजू मी?"

तो एकदम रडायला लागला. "सायेब, गाडी हलवाय गेलतो. दारापाशी सावलीत पैसे भरून गाडी लावायची सोय हाय. दाजी आधीच पट्टीवरनं बोलले हुते, कशाला उधळतो म्हणून. म्हणून गाडीचं न सांगता गेलो."

मी ताडकन उठलो. बापाला आत बोलावलं आणि एकच विचारलं, "तुमची गाडी कुठे आहे?"

"हितंच की, मागच्या मैदानात. लिंबाखाली." मग तो थांबला. चेहरा बदलला. "सायेब, सकाळी उतरताना मीच तिला सांगितलं हुतं. चुकलीस तर गाडीपाशी येऊन थांब. कुणासंगं जाऊ नको."

मामाने दाखवलेली कार आम्ही आधीच तपासली होती, पण ती दाराजवळ, हलवल्यानंतरच्या जागी. मागच्या मैदानाकडे आम्ही धावत सुटलो. लिंबाखाली आता सहलीची मोठी बस उभी होती. बसच्या पलीकडच्या बाजूला, चाकाला टेकून, मुलगी बसली होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर जाणाऱ्या एका मोठ्या कुटुंबामागून ती दारातून निघाली होती. रखवालदाराने तिला पाहिलं होतं, पण बसमधल्यांपैकी कुणाची असेल असं समजून तो पुढे गेला होता.

बसचा ड्रायव्हर तेव्हाच आपल्या जागेवर चढत होता. माझ्या शिपायाने ओरडून त्याला थांबवलं.

बापाने तिला उचललं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, गाडीच न्हाय हितं." महिला हवालदारांनी घोट घोट पाणी पाजलं, आम्ही तिला आमच्या गाडीतून इंदापूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले उन्हाचा त्रास आहे, बरी होईल. तेव्हा कुठे बापाने घरी फोन लावला. मामा दाराबाहेर उभा होता. बापाने हाक मारली, "पाव्हणं, आत या." रागाचा एक शब्द नाही.

गुन्ह्याचा तपास बंद झाला. आरोपी कुणीच नव्हता. मामाचं चुकलं ते खोटं बोलण्यात, पोरांना लवकर मजा मिळावी असं वाटण्यात नाही. त्या प्रकरणाने मला शिकवलं की जास्त बोलणाऱ्याचं ऐकता ऐकता कोपऱ्यातल्या माणसाला विचारायचं राहून जातं. तपासातली अर्धी उत्तरं त्याच्यापाशी असतात.

आणि ती पट्टी? लोक विचारतात, असे जादा पैसे भरून रांग चुकवणं परवडतं का? वेळ वाचतो, यात खोटं काही नाही. मामाच्या मुलाची घसरगुंडी लवकर झालीच. पण चौघांतल्या दोघांनाच पुढे पाठवलं की चौघांची सहल तिथेच फुटते.

गेल्या सुट्टीत नातवंडांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो. तिकीट खिडकीपाशी सून म्हणाली, "बाबा, लवकर जायची तिकिटं घेऊ का मुलांना?"

"घे, पण सगळ्यांना घे. नाहीतर कुणालाच नको."

तिने हिशेब केला आणि आम्ही साध्या रांगेत उभे राहिलो. नातू कुरकुरला, माझे गुडघे दुखले. तो दर थोड्या वेळाने हात सोडवून घ्यायला बघत होता. मी सोडला नाही.