खुंटीवरची चावी

‘दिवाकरअण्णा गेले आणि एक गाव पोरकं झालं,’ असं जयनगरच्या शोकसभेत प्रत्येक वक्त्याने सांगितलं. त्या गावातून सभेला कोणीच आलं नव्हतं, त्यामुळे खात्री करून घेता आली नाही.

अण्णा झोपेतच गेले. सुमतीवहिनींचा फोन आला तसा मी धावलो. दाराशेजारच्या खुंटीवर लाल दोऱ्यातली पितळी चावी लटकत होती. तिच्याकडे बघून पहिला विचार आला, आता पाणी कोण सोडणार?

चावी देवनहळ्ळीच्या, म्हणजे विमानतळाच्याही पलीकडच्या एका गावातल्या तळ्याची. आमच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णा तिथे रमले. गाळ गावाने उपसला, बांध गावाने घातला, आपण फक्त उताराची लेव्हल काढून दिली, हे ते इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याला संशय यावा. गावाचं गावाने ठरवायचं, हे त्यांचं तत्त्व. बैठकीत कोणी ‘अण्णा, तुम्हीच सांगा’ म्हटलं की ते चष्मा पुसू लागत. इतका स्वच्छ चष्मा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

पण जादा पाणी सोडायच्या दाराचं चाक साखळीने बांधून कुलूप लावायची वेळ आली, तेव्हा वरची आळी आणि खालची आळी अडून बसल्या. चावी त्यांच्याकडे नको, यांच्याकडेही नको. शेवटी ती अण्णांकडे द्यावी यावर गावाचं पहिल्यांदाच एकमत झालं. आता एकमत मोडायचं कसं? म्हणून गावाने चालवलेल्या तळ्याची चावी शहरात, अण्णांच्या जयनगरच्या घरी राहू लागली.

उत्तरेला ढग दाटले की अण्णांना घास गिळवत नसे. ‘दार वेळेत उघडलं नाही तर बांध जाईल रे. खाली घरं आहेत.’ मग कॅब, ट्रॅफिक, घाम. वहिनी विचारायच्या, ‘गाव स्वावलंबी आहे ना? मग तुम्ही का पळताय?’ अण्णा तेव्हाही चष्मा पुसत.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशीही अंधारून आलं. तळ्याच्या समितीच्या प्रमुख गंगम्मा फोन उचलेनात. वहिनींनी चावी माझ्या हातात कोंबली. ‘फ्लाइट किती वाजता, सार?’ असं ड्रायव्हरने दोनदा विचारलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटच्या कमानी मागे पडत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर बांध फुटत होता, पुन्हा पुन्हा...

पोचलो तर दार उघडं. पाणी मुकाट ओढ्याला लागलेलं. गंगम्मा पदर खोचून बांधावर उभ्या.

‘अक्का, फोन का उचलत नाही?’

‘घरी ठेवलाय. पाण्यात पडला तर कोण भरून देणार, तुम्ही?’

सुटलेल्या साखळीला दोन कुलपं एकमेकांत अडकवलेली होती. कुठलंही एक उघडलं की साखळी सुटावी, अशी. एक अण्णांचं. दुसरं माझ्या ओळखीचं नव्हे, पण चांगलंच गंजलेलं.

‘हे कधीपासून?’

‘झाली की वर्षं. दोन्ही आळ्यांचं जमलं, दोघींनी या दुसऱ्याची एकेक चावी घेतली.’

‘मग अण्णांना सांगितलं का नाही?’

‘सांगितलं असतं तर आले असते? पाऊस आला की यायचे, आधी ओरडायचे, मग जेवायचे. आम्ही पाणी स्वल्प सोडून ठेवायचो, उरलेलं त्यांच्या हातून. आणि दुसरं कुलूप त्यांना दिसत नव्हतं होय, सार? चष्मा तर केवढा पुसायचे.’

मी शोकसभेचा विषय काढला.

‘काल वरून पाणी येत होतं. दार सोडून आलो असतो तर अण्णाच ओरडले असते.’

चावी मी परत आणून खुंटीवर लावली. अण्णांच्या कुलपात गंगम्मा अजून तेल घालतात. गावाच्या कुलपाला ते मिळत नाही. मला सगळं ठाऊक आहे, तरी आभाळ भरलं की वहिनींचा फोन येतो, आणि मी ती चावी उचलून कॅब बोलावतो.

परवाही पोचेपर्यंत पाणी सोडून झालं होतं. जेवण गरम होतं.