लिंबोणीला ऐकू जातं

वलगावच्या सुमनआत्याकडे काही वाईटसाईट बोलायचं असलं की आम्हाला आधी गोठ्यामागे जावं लागे. अंगणात लिंबोणी होती, आणि तिला सगळं कळतं, हा आत्याचा ठाम समज. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं पोर नापास झालं, सगळ्या बातम्या आम्ही शेणाच्या वासात ऐकल्या. अंधार पडल्यावर कुणी पान तोडलं तर म्हणायची, "झोपलेल्याले कोनी चिमटा काढते का?"

लिंबोणीला मात्र कधी एक लिंबू धरलं नाही. सुधाकरमामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, त्या जागी ट्रॅक्टरसाठी शेड हवं होतं. झाडाला काही समजत नाही, असं ते मुद्दाम अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगत.

आत्या भांडली नाही. तिनं जुनी रीत बाहेर काढली. न फळणाऱ्या झाडाला एकानं कुऱ्हाड दाखवून धमकवायचं, दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं हात जोडायचे, मग पहिल्यानं वर्षभराची मुदत द्यायची. दरवर्षी शेजारीपाजारी गोळा करून ती मामांच्या हाती कुऱ्हाड देई. मामा अगदी मनापासून उगारत. पण चार लोकांदेखत रीत मोडायची कशी, म्हणून दातओठ खात मुदत देत. आत्या हळूच मला डोळा मारी.

एका वर्षी तर हात जोडायलाच मला अकोल्याहून बोलावलं. मला हसू आवरेना. तोंडातून निघून गेलं, "तोडा की मामा, काय लिंबं लागणार हिला." मामांचा चेहरा उजळला. आत्यानं माझा कान पिळला आणि झाडाला म्हणाली, "हे अकोल्याच्या जठारपेठेतली पोरगी हाय. हिले काई समजत नाई. तू मनावर नको घेऊ." लोक हसले आणि मुदत मिळाली.

नंतर मी विचारलं, खरंच कळतं का गं तिला?

"मले काय मालूम," आत्या म्हणाली. "पन समजत असन तं? मंग आपुन कोनत्या तोंडानं तिच्या सावलीत बसाचं?"

गेल्या उन्हाळ्यात आत्या अमरावतीच्या दवाखान्यात वारली. तेरवीचा मांडव मामांनी मागच्या दारी घातला. बायका रडू लागल्या की त्यांना ते आत पाठवत. कुणाला काही उमगेना.

पाहुणे गेल्यावर मी अंगणात आले. आता हात जोडायला लावणारं कुणी उरलं नव्हतं. मामा लिंबोणीजवळच उभे होते. मी त्यांना विचारायला गेले, "आता आत्या नाही, तर हिला..."

मामांनी चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल, बाई. तिले अजून सांगतलं नाई."